भरतकाम केलेलं ग्रीटिंग कार्ड: कागद फाटतो, मागची बाजू घाण दिसते, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे की दिवाळीला नातेवाईकांना आणि ऑफिसमधल्यांना वीस-पंचवीस कार्डं हाताने करून द्यायचीत, भरतकाम शाळेत असताना केलंय तेवढंच, आता कागदावर टाके घालायला गेलं की कागद फाटतो, दोरा गुंततो, मागची बाजू बघवत नाही, आणि घरात क्रॉस स्टिचचे दोन-चार छोटे नमुने पडलेत त्यांचं काही करता येईल का. वर, पुढेमागे विकता येतील का हेही विचारलंय. काकू म्हणून हाक मारलीस म्हणून मी सरळ अगंतुगंच करते हं. मी बरीच वर्षं भरतकामाचे क्लास घेतेय आणि कार्डाच्या बाबतीत सगळ्या जणी येऊन इथेच अडकतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुझे टाके चुकत नाहीयेत. कापडाला सुई जाते तेव्हा धागे बाजूला सरकून तिला वाट देतात आणि नंतर परत जवळ येतात, कागदाला पडलेलं भोक मात्र पडलं ते पडलं. म्हणून कापडावर टाका आधी आणि कागदावर भोक आधी. सगळी भोकं पाडून झाल्याशिवाय सुईत दोरा ओवायचाच नाही, ही एक सवय लागली की तुझा निम्मा प्रश्न सुटतो.

आता कागद. प्रिंटरचा कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम) असतो, तो विसर. दुकानात जाऊन २०० ते ३०० जीएसएमच्या मधलं कार्डशीट किंवा आयव्हरी शीट माग, मी स्वतः २५० च्या आसपासचं घेते. त्याहून जाड घेतलं तर भोक पाडताना बोटं दुखतात आणि घडीवर कागद तडकतो. चकचकीत मेटॅलिक शीट दुकानात फार गोड दिसतात पण त्याचा वरचा थर भोकाशी सोलला जातो आणि खालचा पांढरा कागद दिसायला लागतो, सुरुवातीला नकोच ती. हातकागद मात्र जरूर वापरून बघ. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो, त्यातले तंतू लांब असल्यामुळे भोकाशी सहजासहजी फाटत नाही. एकच, त्यावर पेन्सिलीची रेघ खोडायला गेलीस की पृष्ठभाग खरखरीत होतो, म्हणून त्यावर थेट काही काढायचं नाही. आणि फुकटचा कागद हवा असेल तर घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढ, त्यांचा मागचा कोरा भाग इतका छान जाड असतो की सरावासाठी दुसरं काही आणायची गरजच नाही.

माप सोपं ठेव. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर, त्याचे दोन तुकडे केले की ए-५, आणि ए-५ ची मधे घडी घातली की १०५ बाय १४८ चं कार्ड तयार. म्हणजे एका शीटमधून दोन कार्डं. घडी घालण्याआधी कागद हातात धरून दोन्ही दिशांनी हलकासा वाकवून बघ, एका दिशेने तो पटकन वळतो आणि दुसऱ्या दिशेने अडतो, पटकन वळतो तिकडेच घडी आली पाहिजे, नाहीतर घडीवर फुटल्यासारखी पांढरी रेघ दिसते. घडीच्या जागी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने एकदा दाबून रेघ मारायची आणि मग दुमडायचं.

भोकं पाडायला लोक दाभण घेतात, तो फार जाड. आठ नंबरची भरतकामाची सुई घे (सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे बरेच जण उलटं धरतात) आणि तिचं नेढं एका खोडरबरात खुपसून ठेव, झाली मूठ. खाली थर्माकोलचा तुकडा किंवा जुना माऊसपॅड. नक्षी बटरपेपरवर उतरवून घ्यायची, तो कार्डावर क्लिपांनी पक्का लावायचा आणि त्यावरून टोचत जायचं. कार्बन पेपर अजिबात वापरू नको, त्याचा निळा डाग फिक्या कागदावरून जन्मात जात नाही. बटरपेपर टोचून झाल्यावर टाकू नकोस, तोच पुढच्या कार्डाला परत लाव, पंचवीसच्या पंचवीस कार्डांना एकसारखी भोकं मिळतील. दोन कार्डं एकावर एक ठेवून एकदम टोचली तरी चालतं, तिसरं ठेवलं की खालचं सरकतं.

टोचायचं नेहमी पुढून, म्हणजे कागदाचा फुगवटा मागे येतो. सगळं टोचून झालं की कार्ड उलटं करून चमच्याच्या पाठीने ते उंचवटे हलके दाबून टाकायचे.

आणि आता कागद फाटण्याचं खरं कारण. दोन भोकांत कमीत कमी ३ मिलिमीटर अंतर हवं. तू फोटोत दाखवलेलं फूल बघितलं मी, त्यात तू पाकळी भरीव भरायला गेलीस, कापडावर भरतो तशी टाक्याला टाका लावून, त्यामुळे भोकं इतकी जवळ आली की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी रांग झाली आणि दोरा ओढल्याबरोबर पाकळी तिकिटासारखीच अलगद सुटून आली. भरीव टाका कागदावर करायचाच नाही. कच्छी, आरसेकाम, गाठीचा टाका हेही नाही. गाठीचा टाका घालायचा मोह सगळ्यांना होतो, फुलाच्या मधोमध छान दिसतो म्हणून, पण ज्या भोकातून वर आलो त्यातच परत जाताना गाठ सरळ मागे निघून जाते. त्या जागी एक बारीक मणी ओव, भोकापेक्षा मोठा असतो, अडकून बसतो.

मग राहिलं काय? धावदोरा, उलटी टीप, लेझी डेझी (पाकळीसारखा फासाचा टाका), आणि सरळ लांब टाके. एवढ्यात हवं तितकं काम होतं, खरं सांगते. त्यातही मी दोनच प्रकार शिकवते नवीन आलेल्यांना, ते नीट सांगते.

पहिला म्हणजे सरळ दोऱ्यांतून वळण काढायचं. एक कोन काढायचा, इंग्रजी व्ही सारखा, दोन्ही बाजूंवर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर दहा-दहा भोकं. डाव्या बाजूला वरच्या टोकापासून खाली कोनाकडे १ ते १० नंबर, उजव्या बाजूला उलटे, कोनापासून सुरू करून वर १ ते १०. आता १ ला १ जोडायचा, २ ला २, असं दहापर्यंत. एकही दोरा वाकडा नाही पण बघताना मधे सुरेख कमान दिसते. ही युक्ती मेरी एव्हरेस्ट बूल नावाच्या इंग्लंडमधल्या बाईंची, १८३२ चा जन्म, ज्यांच्या नावाने बूलियन बीजगणित आहे त्या जॉर्ज बूल यांची बायको. मुलांना भूमितीचे आकार हाताने कळावेत म्हणून त्यांनी अशी कार्डं शिवायला दिली. आणि त्यांचे काका जॉर्ज एव्हरेस्ट, हो तेच, भारताचे सर्व्हेयर जनरल होते, ज्यांचं नाव शिखराला दिलंय. क्लासला येणाऱ्या ज्या मुली गणिताच्या नावाने नाक मुरडतात त्यांना हे मुद्दाम सांगते मी.

ह्याच पद्धतीने गोल केलास तर दिवाळीच्या कार्डावर एकदम उठून दिसतो. कंपासने ६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढ, कोनमापकाने दर १० अंशाला एक खूण, म्हणजे ३६ भोकं, आणि अंतर बरोबर पाच मिलिमीटरच्या वर राहतं म्हणजे फाटायची भीती नाही. प्रत्येक भोक त्याच्यापुढच्या तेराव्या भोकाला जोडायचं. आता इथे मागची बाजू सांभाळायची गंमत आहे, नीट वाच. १ मधून वर ये, १४ मधे खाली जा. आता परत २ कडे पळत जायचं नाही, शेजारच्याच १५ मधून वर ये आणि २ मधे खाली जा. मग शेजारच्या ३ मधून वर, १६ मधे खाली, १७ मधून वर, ४ मधे खाली. असं केलं की पुढे सगळे लांब दोरे आणि मागे फक्त शेजारशेजारच्या भोकांमधले इटुकले टाके, मागे जाळं होतच नाही. पूर्ण झाल्यावर मधे साधारण अडीच सेंटिमीटरचा मोकळा गोल राहतो, तिथे छोटी पणती किंवा नुसतं 'शुभ' लिही. दोरा साधारण सव्वादोन मीटर लागतो, पण एकदम तेवढा घ्यायचा नाही, सारखा भोकातून घासून त्याचा पिळ सुटतो आणि मग तो गुंततो. हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत, फार तर खांद्यापर्यंत, एवढाच तुकडा, संपला की दुसरा.

दुसरा प्रकार आपल्या शेजारचा, कर्नाटकी कशिदा. इरकली साडीवर गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती असतात ना, ते. त्यात गवंती म्हणून जो टाका आहे तो म्हणजे जाताना धावदोरा घालत जायचं आणि शेवटाला पोचलं की त्याच वाटेने परत येत मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. पुढून मागून सारखंच दिसतं. कापडावर धागे मोजत बसावं लागतं, त्यात डोळे जातात, पण कार्डावर आलेखकागद लावून टोचलं की मोजायचं कामच संपलं, त्यावरचे अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन धरायचे आणि कोपऱ्यांवर टोचायचं. पंधरा चौकोन रुंद आणि वीस उंच एवढ्यात वृंदावन आरामात बसतं, दोन्हीकडे समास राहतो. सगळे टाके एकाच लांबीचे असल्यामुळे नवशिक्याचा हातही सफाईदार दिसतो. मला विचारशील तर तुझ्या पंचवीस कार्डांसाठी हाच प्रकार घे, एकच नक्षी आणि कागदाचे-दोऱ्याचे रंग बदलते ठेव. गडद मरून किंवा बाटलीहिरव्या कागदावर फिका पिवळा दोरा, बास, त्यावर टिकल्या, लेस, ग्लिटर काहीही चिकटवू नकोस. क्राफ्टच्या दुकानात गेलं की हात शिवशिवतात हे मला कळतं गं, पण भरत दिसलं पाहिजे ना.

दोरा साधा सुती सहापदरीच घे, अँकर किंवा तसलाच, लडी ८ मीटरची असते. सहाच्या सहा पदर कधीच वापरायचे नाहीत, कागदाला दोन पुरे. पदर वेगळे करताना एका वेळी एकच पदर वर ओढून काढायचा आणि मग दोन परत एकत्र ठेवायचे. दोन पदर एकदम ओढलेस की उरलेल्या चारांचा गुंता ठरलेला, तुझा दोरा गुंततो त्याचं अर्धं कारण हेच असणार. रेशमी म्हणून जो चमकदार रेयॉन मिळतो तो निसरडा आणि हट्टी, त्याच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस. जरीचा दोरा हवाच असेल तर एक पदर सुती आणि एक पदर जर असं मिसळून घे आणि तुकडा अजून छोटा ठेव.

सुरुवातीला मागे गाठ मारू नको, पुढून तिचा उंचवटा दिसतो. दोऱ्याचं टोक मागे कागदी चिकटपट्टीने बसवायचं, शेवटही तसाच. साधी सेलोटेप लावली तर चालते पण वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते आणि फिक्या कागदातून डाग दिसतो. दोन पदरांनीच काम असेल तर त्याहून छान म्हणजे दुप्पट लांबीचा एकच पदर घे, मधोमध दुमड, दोन्ही मोकळी टोकं सुईत ओव, मागे फास राहील, पहिला टाका घालून सुई त्या फासातून काढली की झालं, ना गाठ ना टेप.

टाका ओढताना दोरा वर, उभा ओढायचा नाही, कागदाला समांतर ओढायचा. उभा ओढला की भोकाची कड कापली जाते. आणि दोरा सपाट बसला की हात थांबला पाहिजे, अजून जरासं घट्ट करूया म्हणून ओढलेला शेवटचा झटका कार्ड घालवतो.

एवढं करूनही मागची बाजू झाकायची असतेच, कारण कार्ड उघडल्यावर डावीकडे तीच दिसते. पातळ रंगीत कागदाचा तुकडा चारी बाजूंनी ३-४ मिलिमीटर लहान कापून आतून लाव. फेविकॉल नको, त्यातल्या पाण्याने कार्डाला पोक येतो, फिका कागद असेल तर सुरकुत्याच. दोन्हीकडून चिकटणारी टेप किंवा ग्लू स्टिक, तीही फक्त कडांना.

आता तुझे क्रॉस स्टिचचे नमुने. ते मॅटी कापडावर असणार, एका इंचात १४ चौकोनवालं बहुतेक. नमुन्याचे टाके मोज आणि १४ ने भाग, तेवढे इंच. समजा ३५ बाय ४२ टाके आहेत, तर अडीच बाय तीन इंच, म्हणजे कार्डाच्या खिडकीत नीट बसेल. आधी साबणाच्या पाण्यात धुऊन घे, हाताचं तेल लागलेलं असतं आणि आज दिसलं नाही तरी नंतर पिवळं पडतं. धुण्याआधी लाल आणि काळ्या दोऱ्यावर ओला पांढरा फडका दाबून बघ रंग जातोय का, सुट्या स्वस्त लड्यांचा जातो. गेला तर धुवायचं नाही, तसंच लावायचं. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनच्या खुणा असतील तर इस्त्री करण्याआधी धुतल्याच पाहिजेत, गरम लागलं की त्या कायमच्या बसतात. आणि इस्त्रीने उडणारे पेन हल्ली सगळ्या मुली वापरतात, त्याची शाई कडाक्याच्या थंडीत परत उमटते, शून्याखाली बरंच गेलं की. आपल्याकडे प्रश्न येत नाही पण कॅनडाच्या मावशीला जानेवारीत पाठवणार असशील तर तिच्या दारातल्या पत्रपेटीत रेघा परत येतील.

वाळल्यावर टॉवेलवर पालथं ठेवून मागून इस्त्री, आणि मागे इस्त्रीने चिकटणारं बक्रम लावून टाक, मग कापल्यावर कडा सुटत नाहीत आणि गडद दोऱ्यांची शेपटं पुढून दिसत नाहीत. कार्ड तीन घड्यांचं लागतं. ए-४ कागद आडवा धर, उंची १४८ वर काप, आणि रुंदीचे १००, १०० आणि ९७ असे भाग पाड. मधल्या भागात खिडकी कापायची, नमुना मागून बसवायचा आणि ९७ वाला भाग त्याच्यावर दुमडून चिकटवायचा. तो ३ मिलिमीटरने लहान ठेवलाय तो घडीत अडकू नये म्हणून. खिडकी नमुन्यापेक्षा चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर तरी मोठी ठेव, भरत कडेला खेटलं की कोंदट दिसतं. खिडकी कापताना कटरचं पातं नवीन हवं, आणि कोपऱ्यापासून मधे कापत यायचं, म्हणजे कोपऱ्याबाहेर चीर जात नाही. वर उरलेल्या ६२ मिलिमीटरच्या पट्टीत भेटवस्तूंना बांधायचे टॅग होतात, ते फेकू नकोस.

सामानासाठी पुण्यात असशील तर कागद अप्पा बळवंत चौकात नाहीतर बोहरी आळीत, दोरे-सुया तुळशीबागेत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीट कागदाला आणि भुलेश्वर दोरे-मण्यांना. ऑनलाइन कागद मागवू नकोस पहिल्यांदा, हातात घेऊन वाकवून बघितल्याशिवाय जीएसएमचा अंदाज येत नाही.

पोस्टाने पाठवणार असशील तर वजनाचा हिशेब कर. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. २५० जीएसएमचं ए-५ म्हणजे जवळजवळ ८ ग्रॅम, आतला कागद फार तर ३, पाकीट ४-५, म्हणजे दोरा धरून सहज बसतं. तीन घड्यांचं कार्ड कापडासकट काठावर येतं, आणि बटणं-मोठे मणी लावलेस की गेलंच वर. शिवाय शिक्का मारताना मणी फुटतात ते वेगळंच, म्हणून मण्यांची कार्डं हातात द्यायला ठेव. पूर्वी संक्रांतीला पाकिटात चिमूटभर तिळगूळ घालून पाठवायचे लोक, माझ्या आईकडे अशी पाकिटं येताना तेलकट होऊन यायची. तुला संक्रांतीला करायचं झालं तर हलव्याचे दाणे बटरपेपरच्या पुडीत घालून मगच ठेव, कार्डावर तेलाचा डाग पडला की काही इलाज नाही.

विकण्याचं म्हणशील तर घाई करू नकोस. गवंतीचं एक साधं कार्ड टोचण्यापासून पाकिटात घालेपर्यंत सरावलेल्या हाताला पाऊण तास घेतं, नवीन हाताला दीड. सामान फारसं महाग पडत नाही, पण तुझ्या तासाला तू काय लावणार ते आधी ठरव, कारण प्रदर्शनात समोरची बाई कार्ड उलटंसुलटं करून 'अगंबाई, कागदाचंच तर आहे' म्हणते तेव्हा किंमत तिथल्या तिथे पाडावीशी वाटते. क्रॉस स्टिचची कार्डं त्या भावात कधीच सुटत नाहीत, ती माणसाला द्यायची, विकायची नाहीत. खिडकीवाल्यापेक्षा वर्तुळाचं कार्ड लवकर होतं आणि लोकांना ते जास्त अवघड वाटतं, विकायला तेच बरं.

दिवाळीला अजून दीड महिना आहे ना, मग एकेक कार्ड पूर्ण करत बसू नकोस. एका शनिवारी सगळी कापून घडीच्या रेघा मारून ठेव, एका रविवारी सगळी टोच, आणि मग रोज रात्री टीव्हीसमोर एक-एक शिव. आतला कागद अगदी शेवटी, मजकूर त्यावर आधी लिहून घेऊन मग चिकटव, म्हणजे शाई पसरली तर कार्ड वाया जात नाही. पाकिटं मात्र आधी आण, १०५ बाय १४८ ला ११४ बाय १६२ चं लागतं आणि पेठेतल्या दुकानात ते दरवेळी रंगीत मिळेलच असं नाही.